गेट ते पोर्च: गाडीची वाट कशाची करावी?

घर बांधून होईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो आणि गेटपासून पोर्चपर्यंतचा तुकडा ‘बघू नंतर’ म्हणून तसाच राहतो. पहिल्या पावसात चाकं रुतली की मग घाईघाईने फुटाच्या दराने कोटेशनं मागवली जातात. या महिन्यातली बरीचशी पत्रं त्या घाईतूनच आली आहेत. आम्ही दर दिलेले नाहीत, कारण खाण जवळ की लांब यावर ते तालुक्यागणिक बदलतात. मापं दिली आहेत, ती तुमच्या गावच्या दराने गुणून घ्या.

काळ्या मातीवर पेव्हर ब्लॉक की काँक्रीट?

*प्रश्न: आमचं घर लातूरजवळ आहे, जमीन पूर्ण काळी. गेटपासून पोर्चपर्यंत १० फूट रुंद, ४० फूट लांब जागा आहे. रोज एक मोटार आणि उन्हाळ्यात आठवड्याला पाण्याचा टँकर येतो. एक ठेकेदार ४ इंची पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट) करा म्हणतो, दुसरा ‘मुरूम टाकून वर ब्लॉक’ म्हणतो. दर जवळपास सारखेच आहेत. कोणाचं ऐकावं?*

ब्लॉकवाल्याचं ऐका, पण ‘मुरूम टाकून’ म्हणजे किती इंच मुरूम, हे त्याच्याकडून आधी लिहून घ्या. तुमच्या कामाचं आयुष्य त्या एका आकड्यावर ठरणार आहे.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं काँक्रीट एकसंध असतं. खालची जमीन एका बाजूने उचलली की ४ इंची पीसीसीला तडा जातो, आणि तो बुजवला तरी पुढच्या वर्षी शेजारी दुसरा जातो. ब्लॉक सुटे असल्यामुळे थोडे वर-खाली होऊन जमिनीबरोबर हलतात. फार बिघडलं तर तेच ब्लॉक काढून, खालचं दुरुस्त करून पुन्हा बसवता येतात. काँक्रीटचं मात्र डबरच होतं.

खालून वर थर असे घ्या. आधी काळी माती १२ ते १३ इंच खोल काढा. तळ किंचित ओला करून दाबून घ्या. चिखल होईल इतकं पाणी नको. त्यावर दाबून ९ इंच भरेल असा कडक मुरूम, दोन थरांत. प्रत्येक थर सुटा ६ इंच पसरायचा, पाणी मारायचं आणि रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने (थरथरत्या सपाट तळाच्या यंत्राने) दाबायचा. एकदम फूटभर मुरूम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे ४ इंच बसतात आणि खालचे सुटेच राहतात. मुरमावर ४ इंच खडी, म्हणजे ४० मिमी खडी आणि पोकळ्या भरायला बारीक खडी व कच (खडी फोडताना निघणारा बारीक चुरा), ओली करून दाबलेली. मग सव्वा इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि वर ६० मिमीचा ब्लॉक. हे सगळं मिळून साडेसोळा इंच होतं. म्हणजे तयार वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ४ इंच वर राहते, आणि काळ्या मातीत ती तशीच राहायला हवी.

भरावाला मुरमाऐवजी वाळू किंवा नुसती खडी वापरू नका. पाणी त्यातून सरळ खाली उतरतं आणि खालच्या काळ्या मातीत तळं करून बसतं. बसणारा, दाबला की घट्ट होणारा मुरूम पाणी बराच काळ वरच अडवतो.

तुमच्या ४०० चौरस फुटांना दाबल्यावरची घट धरून मुरूम ४ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी व कच मिळून पावणेदोन ब्रास आणि क्रश सँड अर्धा ब्रास लागेल. सांध्यांसाठी थोडी वेगळी ठेवा. ब्लॉक तूट धरून ४२० चौरस फूट घ्या. २०० × १०० मिमीचा साधा आयताकृती ब्लॉक घेतला तर चौरस मीटरला ५० नग बसतात, म्हणजे साधारण १,९५० नग. कडेचा कर्ब (ब्लॉक बाहेर सरकू नयेत म्हणून लावलेली काँक्रीटची कड) दोन्ही बाजूंनी आणि गेटकडून मिळून ९० रनिंग फूट. काढलेली माती सुटी होऊन ५ ब्रासच्या वर भरते. ती कुठे टाकायची आणि वाहतूक कोणाची, हे कोटेशनमध्ये बहुधा नसतं.

टँकर आत आणायचाच असेल तर ब्लॉक ८० मिमीचा आणि खडी ६ इंच करा, आणि त्या हिशेबाने खोदाई ३ इंच वाढवा. टँकर गेटबाहेर उभा करून पाइपने पाणी घेता येत असेल तर हा सगळा खर्च वाचतो. आठवड्यातून एकदा वीस फूट पाइप ओढणं त्यापेक्षा स्वस्त पडेल.

ब्लॉक घेताना दोन गोष्टी बघा. भारतीय मानक आयएस १५६५८ मध्ये हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी जाडी आणि एम-३५ प्रत (आकडा काँक्रीटच्या ताकदीचा), मध्यम वाहतुकीसाठी एम-४० अशी विभागणी आहे. प्रत कोणती ते बिलावर लिहून घ्या. दुसरं, घरी करता येण्यासारखं. उन्हात चांगला वाळलेला एक ब्लॉक स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. २०० × १०० × ६० मिमीचा ब्लॉक पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. वजन १७० ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं, म्हणजे ६ टक्क्यांच्या वर पाणी प्यायला, तर तो माल परत पाठवा. रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक अंगणातल्या पायवाटेला ठीक आहेत, गाडीखाली नकोत. चकाकी वरच्या पातळ रंगीत थराची असते; तो झिजतो, आणि झिजेपर्यंत पावसात घसरतो. यंत्रावर दाबून काढलेला खरबरीत, दिसायला साधा ब्लॉकच घ्या.

आयताकृती ब्लॉक घेतले तर हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे एकमेकांना काटकोनात अडकवत बसवा. सरळ ओळीत लावले की गेटपाशी ब्रेक लागून ओळीच्या ओळी पुढे सरकतात. झिगझॅग किंवा आय आकाराच्या ब्लॉकना ही अडचण कमी येते.

घरापासून दूर जाणारा ढाळ १:५० ठेवा. १० फूट रुंदीला तो साधारण अडीच इंच होतो. कडेला रोज पाणी घालायची फुलझाडं लावू नका. एक कड बारा महिने ओली आणि दुसरी कोरडी राहिली की वाट एका बाजूने उचलते, आणि दोष ठेकेदाराला लागतो. कामाचा काळ दिवाळी ते संक्रांत धरा. मेमध्ये भेगाळलेल्या जमिनीवर केलेलं काम पहिल्याच पावसात सगळं फुगणं अंगावर घेतं.

तीन वर्षांत ब्लॉक खचले

*प्रश्न: पुण्यात बंगल्यासमोर ब्लॉक बसवून तीन वर्षं झाली. चाकं जातात तिथे दोन चर पडले आहेत, कडेचे ब्लॉक बाहेर सरकलेत आणि फटींतून मुंग्या माती वर काढतात. ठेकेदार म्हणतो, सांध्यांत सिमेंट भरू म्हणजे हलणार नाहीत. भरावं का?*

नाही. सिमेंट भरलं की सुटे ब्लॉक एकमेकांना चिकटून एक पातळ, कमकुवत स्लॅब होतो. खालचं खचणं थांबत नाही, सिमेंटला तडे जातात, आणि पुढे दुरुस्तीला ब्लॉक काढू लागलात की कडा तुटतात. आज तुमचे ब्लॉक परत वापरता येतील, सिमेंट भरल्यावर येणार नाहीत.

आधी नेमकं काय बिघडलं ते बघा. चरातले दहा-बारा ब्लॉक काढा. पहिला अडकलेला ब्लॉक निघत नसेल तर दोन पातळ पट्ट्या फटीत घालून उचला. एखादा फोडावा लागला तरी चालेल. खाली वाळू किती जाड आहे ते मोजा. बहुतेक ठिकाणी ती २ ते ३ इंच निघते. खालचा मुरूम समपातळीत केलेला नसतो आणि खड्डे वाळूने भरून वरून लेव्हल दाखवलेली असते. जिथे वाळू जाड, तिथे चाकाखाली ती दबते आणि बाजूला पसरते. वाळू इंच-सव्वा इंचच निघाली, तर १२ मिमीची सळई हाताने मुरमात दाबून बघा. ४-५ इंच सहज गेली तर मुरूम दाबलेलाच नाही.

वाळू चिमटीत घेऊन बघा. पिठासारखी बारीक डस्ट असेल तर तोही दोष. ती पाण्यात चिखल होते आणि चाक गेलं की सांध्यातून वर येते. मुंग्यांवर येणारा आळ बऱ्याचदा या डस्टचा असतो.

दुरुस्ती अशी. चराच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त भाग उघडा. जुनी वाळू पूर्ण काढून टाका. मुरूम कमी पडला असेल तिथे बारीक खडी आणि कच ओली करून भरा व प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. यंत्र भाड्याने मिळतं. हा थर वरच्या पातळीला समांतर आला पाहिजे. मग २५ मिमीचे दोन पाइप ठेवून त्यांवरून फळी ओढा, म्हणजे वाळू सगळीकडे सारखी पडेल. पाइप काढून त्यांचे चर हलकेच भरा आणि त्या वाळूवर पुन्हा पाय देऊ नका. ब्लॉक शेजारच्यांपेक्षा ८ ते १० मिमी वर राहतील असे बसवा, कारण दाबल्यावर तेवढे ते बसतात. एकदा कॉम्पॅक्टर फिरवा, कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरा, पुन्हा फिरवा, पुन्हा भरा. वाळू ओली असेल तर ती सांध्यात उतरत नाही, वरच अडकते. पंधरा दिवसांनी सांधे रिकामे दिसतील, तेव्हा आणखी एक हात द्या. हा शेवटचा हात बहुतेक जण विसरतात, आणि ब्लॉकना एकमेकांशी जखडून ठेवणारी वाळू नेमकी तीच असते.

कडेला कर्ब नाही, असा अंदाज आहे. असला तरी तो मातीत नुसता रोवलेला असणार. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटच्या ४ इंची बैठकीवर कर्ब ठेवून मागून त्याच काँक्रीटचा टेकू द्या. त्याचा तळ वाळूच्या थराखाली जायला हवा. आणि गच्चीचं पाणी पाइपने थेट या ब्लॉकवर पडत असेल तर आधी तो पाइप वळवा. तो तसाच राहिला तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

काँक्रीटच करायचं आहे, पण भुकटी नको

*प्रश्न: कोल्हापूरजवळ माळाची मुरमाड जमीन आहे, १२ × ३० फुटांची जागा. काँक्रीट करायचं ठरलं आहे. शेजाऱ्यांच्या काँक्रीटवर वर्षभरात पांढरी भुकटी उडू लागली. ती का उडते? आणि आमच्या कामाला माल किती लागेल?*

कडक मुरमावर काँक्रीट हा चांगला आणि बिनकटकटीचा पर्याय आहे. जाडी ५ इंच धरा. ४ वरून ५ वर गेल्याने माल पाव पटीने वाढतो, पण ताकद दीडपटीच्या वर जाते.

३६० चौरस फूट × ५ इंच म्हणजे १५० घनफूट, सव्वाचार घनमीटर. १:१॥:३ प्रमाणाला सिमेंट ३४-३५ गोण्या, क्रश सँड ०.७ ब्रास आणि खडी १.३ ब्रास, त्यात २० मिमीची तीन भाग आणि १० मिमीची दोन भाग. घमेल्यांवर मोजू नका, प्रत्येक मजुराचं घमेलं वेगळं भरतं. ३५ लिटरचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करून घ्या: एका गोणीला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी.

आता भुकटीचं. गोणीला २५ लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर आणखी २-३ लिटर कमी. पण काँक्रीट सहज पसरावं म्हणून मिक्सरवरचा माणूस पाइप सोडून देतो. हे जादा पाणी सिमेंटचा पातळ रस घेऊन वर येतं. मग गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि थापीने घोटतो. वर गुळगुळीत, सुरेख थर दिसतो. तो कमजोर असतो आणि वाळला की भुकटी होतो. त्यात दोनच दिवस पाणी मारलेलं असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

तुमच्या कामावर पाण्यासाठी मापाची बादली ठेवा आणि पाइप बंद करून घ्या. काँक्रीट टाकण्याआधी जमीन भिजवा, पण पाणी साचलेलं नको. वर आलेलं पाणी उडून जाईपर्यंत थापी लावू देऊ नका आणि कोरडं सिमेंट अजिबात मारू देऊ नका. शेवटी गाडीच्या दिशेला आडवा कडक झाडू ओढा. टायरला पकड मिळते.

सांधे दर १० फुटांवर घ्या. तुमचे १२ × १० फुटांचे तीन चौक होतील. कटरने सव्वा इंच खोल काप द्यायचा, उन्हाळ्यात सहा-आठ तासांनी आणि थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘चार दिवसांनी कटरवाला येईल’ असं कोणी म्हणालं तर तोवर काँक्रीट स्वतःच कुठेतरी फाटलेलं असेल. कटर मिळत नसेल तर पट्ट्या लावून आधी पहिला आणि तिसरा चौक भरा, मधला दोन-तीन दिवसांनी. घराच्या जोत्याला लागून अर्धा इंच थर्माकोल ठेवा. काँक्रीट भिंतीला थेट टेकू नये.

सळईची जाळी घालायचीच तर कव्हर ब्लॉकवर (सळई उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर), जाडीच्या वरच्या अर्ध्यात. जमिनीवर अंथरून वरून काँक्रीट ओतलेली जाळी काही कामाची नाही. तेवढ्या पैशात जाडी वाढवा.

बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) असतं. त्याला किमान १० दिवस पाणी हवं, कोरड्या कडक उन्हात १४ दिवस. मातीची आळी करून पाणी उभं ठेवा किंवा गोणपाट ओलं ठेवा; सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणं पुरत नाही. मोटार चौदा दिवसांनी, जड गाडी महिन्याने.

शेजाऱ्यांना सांगा, खिळ्याने ओरखडा काढून बघा. नुसता पांढरा माग उमटला तर धुऊन, वाळवून सिलिकेटचं हार्डनर दोन हात मारलं की भुकटी थांबेल. खिळा ३-४ मिमी आत गेला तर हार्डनरवर पैसे घालवू नका. वरचा कच्चा थर टाचून काढावा लागेल आणि किमान २ इंचांचा नवा थर, जुन्या सांध्यांवरच नवे सांधे ठेवून टाकावा लागेल. अर्धा इंच गिलाव्यासारखा थर दिला तर पहिल्या पावसाळ्यानंतर तो पापुद्र्यासारखा सुटतो.

कोकणातला उतार आणि शेवाळ

*प्रश्न: सावंतवाडीजवळ घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. ४० फूट लांबीत ५ फूट उतार. जांभा दगड घरचाच आहे, तो अंथरला तर चालेल का? आजूबाजूला झाडी असल्यामुळे शेवाळ फार धरतं.*

जांभा कडेच्या बांधाला वापरा, चाकाखाली नको. जांभ्याचा चिरा पाणी पितो, टायरखाली झिजतो, आणि त्याच्या प्रत्येक भोकात शेवाळ घर करतं. उतारावर ओल्या जांभ्यावरून गाडी वर चढवणं जूनमध्ये अवघड आणि ऑगस्टमध्ये जवळपास अशक्य होतं.

तुमच्याकडे खालची जमीनच कातळाची किंवा घट्ट जांभट असेल, त्यामुळे भरावाचा खर्च कमी. ५ इंच काँक्रीट, वर दिलेल्या प्रमाणानेच, पण आणखी घट्ट कालवलेलं; सैल माल उतारावर खाली वाहतो. काम खालच्या टोकाकडून वर न्या. खालच्या टोकाला आडवा, १ फूट रुंद आणि १८ इंच खोल चर खणून काँक्रीट त्यात उतरवा, म्हणजे स्लॅबला खाली पाय मिळेल. वरून नुसता झाडू पुरणार नाही: ओल्या काँक्रीटमध्ये पट्टी दाबून दर ४ इंचांवर १० मिमी खोल खाचा द्या. त्या मध्यापासून दोन्ही कडांकडे तिरक्या उतरणाऱ्या ठेवा, म्हणजे पाणी बाजूच्या गटारात जाईल. अगदी आडव्या खाचांत पाणी साठतं आणि शेवाळ तिथूनच सुरू होतं.

सलग १:८ उतार ठेवला तर दोन्ही टोकांना गाडीचा तळ घासण्याची भीती असते. वरचे आणि खालचे ६-६ फूट १:१६ ठेवा. मग मधल्या २८ फुटांत उतार साधारण १:६.५ होतो, तो मोटारीला चालतो.

पाणी घराकडे येणार आहे, ही तुमची खरी अडचण. तासाला १०० मिमी वेगाची सर आली तर १० फूट रुंदी धरून या ४०० चौरस फुटांवरूनच मिनिटाला ६० लिटरच्या वर पाणी उतरतं. रस्त्यावरून येणारं वेगळं. म्हणून दोन आडवी गटारं करा. एक वर रस्त्यालगत, बाहेरचं पाणी बाहेरच वळवण्यासाठी. दुसरं पोर्चच्या आधी, ६ ते ८ इंच रुंद, लोखंडी जाळीचं, बाजूला १:१०० ढाळ दिलेलं. जाळी बिजागरीची करा. पानं अडकतात, आणि उचलता न येणारी जाळी कोणी साफ करत नाही.

शेवाळासाठी मेअखेर आणि गणपतीच्या आधी, उघडीप बघून, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लिचिंग पावडर कालवून ओता, पंधरा-वीस मिनिटांनी ताठ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. झाडांच्या मुळांत जाऊ देऊ नका. अ‍ॅसिड वापरू नका: ते सिमेंट खातं, पृष्ठभाग आणखी खरबरीत होतो आणि पुढचं शेवाळ दुपटीने धरतं. ब्लिचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र तर कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो. वरच्या फांद्या छाटून थोडं ऊन येऊ दिलंत तर घासण्याचा एक फेरा वाचेल.

खाडीची किंवा समुद्राची वाळू कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका.

शेतघराची ३०० फूट वाट

*प्रश्न: भोर तालुक्यात शेतघर आहे. रस्त्यापासून घर ३०० फूट आत. एवढ्या लांबीला काँक्रीट किंवा ब्लॉक परवडणार नाही. नुसता मुरूम टिकेल का?*

नुसता मुरूम एक पावसाळा टिकतो. खाली खडी दाबलेली असेल तर वर्षातून एकदा हात फिरवून वर्षानुवर्षं चालतो.

९ फूट रुंदीला २,७०० चौरस फूट होतात. दाबून ६ इंच डबराचं सोलिंग (मोठे दगड रचलेला तळचा थर) आणि ३ इंच खडी, वर दीड इंच मुरूम. डबर पंधरा ब्रास, खडी साडेआठ ब्रास, मुरूम ४ ब्रास धरा. दाबायला ८ ते १० टनांचा रोलर हवा. ट्रॅक्टर पुढे-मागे फिरवून दाबलं, हे समाधान आहे. त्याने दोन चाकांचे पट्टे दबतात आणि मध्ये उंचवटा राहतो.

मुरूम कसा ओळखायचा? मूठभर ओला करून तळहातावर वळा. काडीपेटीतल्या काडीइतकी बारीक वळी न तुटता वळली तर त्यात माती फार. पावसात चिखल होईल. अजिबात गोळाच झाला नाही तर तो बसणार नाही, उडून जाईल. मध्ये उंची ठेवून दोन्हीकडे दीड-दीड इंच ढाळ द्या आणि कडेला चर काढा. शेताचं पाणी वाट ओलांडत असेल तिथे ३०० मिमीचा ह्यूम पाइप (सिमेंटचा गोल पाइप), वर किमान फूटभर भराव. हा पाइप वाचवला तर पहिल्याच ओढ्याला वाटेचा तुकडा वाहून जातो.

पुढे पैसे आले की सगळ्या रुंदीला काँक्रीट नको. चाकांखाली अडीच-अडीच फुटांच्या दोन पट्ट्या करा, मध्ये अडीच फूट अंतर सोडून. मोटारीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण पाच फुटांच्या आत असतं, तेव्हा चाकं बरोबर पट्टीवर येतात. ९ फुटांऐवजी ५ फुटांचाच माल लागतो आणि पाणी मधून जमिनीत मुरतं. वळणावर मात्र पट्ट्या रुंद करा. मागची चाकं पुढच्यांच्या आतून जातात आणि पट्टीची आतली कड तुटते.

शहाबादी फरशी उरली आहे

*प्रश्न: सोलापूरला घरकामातून दोनशे चौरस फूट शहाबादी उरली. पार्किंगमध्ये बसवू का?*

इंच-सव्वा इंच जाडीची असेल तर तिच्याखाली ४ इंच काँक्रीट लागेल, आणि एवढं काँक्रीट केल्यावर फरशीची गरजच राहत नाही. मसाल्यावर ठोकून बसवलेल्या फरशीखाली कोपऱ्यात पोकळी राहते. चाक त्या कोपऱ्यावर आलं की तुकडा पडतो. पायवाटेला, तुळशीभोवती, धुण्याच्या जागी वापरा. घोटीव कोटा तर पावसात गाडीखाली नकोच.

डांबर स्वस्त पडेल का?

*प्रश्न: पुण्यात सोसायटीच्या रस्त्याचं डांबरीकरण सुरू आहे. त्याच गाडीतून आमच्या बंगल्याच्या आवारात टाकून घेऊ का?*

खाली दाबलेली खडी असेल आणि ठेकेदार छोटा रोलर आत आणणार असेल तर हरकत नाही. गरम माल मातीवर पसरून फावड्याने थोपटला तर वर्षभरात भेगा पडून सुटेल. इंजिनमधून तेल किंवा डिझेल ठिबकतं तिथे डांबर मऊ होतं, आणि मे महिन्यात एका जागी स्टिअरिंग फिरवलं की त्यावर वळ उमटतात. एकट्या घरासाठी प्लँटवरून मुद्दाम माल मागवणं परवडत नाही.

वाटेत चेंबर आलं आहे

*प्रश्न: नाशिकला आमच्या गाडीच्या वाटेत ड्रेनेजचं चेंबर आहे. झाकण दोनदा फुटलं. जाड झाकण केलं तर?*

झाकण जाड असून भागत नाही, ते किती भाराचं आहे ते बघावं लागतं. काँक्रीटच्या तयार झाकणांवर एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२० असे शिक्के असतात: हलका, मध्यम आणि जड भार, आकडा टनांचा. बागेत चालणारं एलडी गाडीखाली दोनदा फुटणारच. मोटारीला एमडी-१० घ्या, टँकर येत असेल तर एचडी-२०. झाकण आणि फ्रेम एकाच प्रतीची, एकाच जोडीतली हवी. फ्रेम विटांच्या काठावर नुसती ठेवू नका. चेंबरच्या वरच्या काठावर ६ इंच रुंद, ४ इंच जाड काँक्रीटचा पट्टा चौफेर ओता आणि फ्रेम त्यात बसवा. झाकण हललं की खडखड वाजतं. तसा आवाज येऊ लागला तर उचलून बैठकीवरची खडी-वाळू झाडून काढा. एका कोपऱ्याखाली आलेला बारीक खडासुद्धा झाकणाला मधून तडा द्यायला पुरतो.